सत्तर वार झाले, तरी अंगावर काटा का येत नाही?

प्रश्न परभणीच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका गटाचा आहे. वीस मिनिटांची मराठी सायन्स फिक्शन शॉर्टफिल्म ते करताहेत. गोदावरी कायमची आटलेल्या भविष्यकाळात दोन सख्खे भाऊ पाण्याच्या शेवटच्या साठ्यावरून प्रकाशाच्या तलवारी घेऊन भिडतात, अशी गोष्ट आहे. व्हिडिओ बघून बघून त्यांनी सत्तर वारांची लढत बसवली, शूट केली, एडिट केली आणि हॉस्टेलवर दाखवली. मित्र ‘भारी’ म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरले. त्याच रात्री १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मधली ओबी-वान आणि डार्थ वेडर यांची लढत लावली. एक म्हातारा, एक चिलखतातला उंच माणूस, मोजके वार, सगळं संथ. ती मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिली. आमच्या लढतीत काय कमी आहे, असं त्यांनी विचारलंय.

मी छत्रपती संभाजीनगरला तलवारबाजी शिकवतो आणि नाटकांच्या, शॉर्टफिल्मच्या लढती बसवतो. तुमची क्लिप मी नीट बघितली, पुन्हा पुन्हा बघितली. मेहनत दिसते. पाय हलके आहेत, मनगटं सैल आहेत, कुणी कुणात अडखळत नाही. कमी काहीच नाही. अडचण ही आहे की बघणाऱ्याला तुमची लढत वाचता येत नाही. हा वार लागला तर काय होईल, हे त्याला ठाऊक नाही. थोरला धाकट्याला ठार मारायला आलाय की नुसतं मागे रेटायला, हे कळत नाही. धाकटा घाबरलाय की चिडलाय, तेही कळत नाही. वेग दिसतो, पण धोका दिसत नाही, आणि धोका दिसल्याशिवाय पोटात गोळा येत नाही. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे: वाराची किंमत आधी ठरवा, ती बघणाऱ्याला कळू द्या, आणि मग ती वसूल करा.

सायन्स फिक्शनमध्ये हे काम ऐतिहासिक चित्रपटापेक्षा अवघड असतं. शिवकाळातली लढत दाखवताना धोप म्हणजे काय, ढालीवर वार पडला तर काय होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. लोखंड लागलं की रक्त येतं. पण ग्रहांवर यानं उतरताहेत, बंदुकीतून किरण सुटताहेत, अशा काळात माणूस तलवार का उपसेल? हा प्रश्न प्रेक्षक तोंडाने विचारत नाही, पण त्याच्या मनात असतो. चित्रपटाने त्याचं उत्तर दिलं नाही तर तलवार शोभेची राहते.

हे उत्तर सगळ्यात चोख दिलंय ते ‘ड्यून’ने. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची. तिच्यात अंगाभोवती एक कवच असतं. वेगाने येणारी वस्तू ते अडवतं, सावकाश येणारं पातं मात्र आत जाऊ देतं. एवढ्या एका नियमाने गोळी निकामी झाली आणि चाकू परत आला. शिवाय लढण्याची रीतच बदलली: झपाट्याने जवळ जायचं, आणि शेवटच्या वितीत हात मंद करायचा. २०२१ च्या चित्रपटात सुरुवातीलाच कथेचा तरुण नायक पॉल आणि त्याचा उस्ताद गर्नी यांचा सराव आहे. वार अडला की कवच निळं चमकतं, पातं आत घुसू लागलं की लाल. एकही व्याख्यान न देता बघणाऱ्याला अख्खं व्याकरण समजतं. पुढे कवच लावलेले सैनिक भिडतात तेव्हा आपली नजर आपोआप लाल रंग शोधत राहते.

आणि मग चित्रपट कवच काढून घेतो. वाळवंटात पॉल आणि तिथल्या फ्रेमेन जमातीतला जेमिस यांची लढत होते तेव्हा दोघांच्या अंगावर कवच नाही. पॉल वरचढ ठरतो, जेमिसला पुन्हा पुन्हा शरण यायला सांगतो, पण मारत नाही. बघणाऱ्या फ्रेमेन लोकांना वाटतं की हा पोरगा त्याच्याशी खेळतोय, त्याचा अपमान करतोय. खरं कारण त्याची आई सांगते: त्याने आजवर माणूस मारलेला नाही. इथे लढत कौशल्याची राहतच नाही. प्रत्येक वेळी पातं जेमिसच्या गळ्याशी थांबतं आणि आपण पॉलच्या मनात शिरतो. वार मोजले तर फार नाहीत. पण प्रत्येक वाराला एक अर्थ आहे, आणि शेवटच्या वारानंतर तो मुलगा पहिल्यासारखा राहत नाही.

आता तुमच्या आवडत्या म्हाताऱ्याकडे येऊ. १९७७ च्या चित्रपटातल्या तलवारी प्रत्यक्षात काठ्याच होत्या. त्यांना प्रकाश परतवणारं आवरण गुंडाळलेलं होतं आणि मुठीतल्या मोटरने त्या गरगर फिरवल्या जात. त्या नाजूक होत्या, जोरात आपटल्या की मोडायच्या. अलेक गिनेस साठी ओलांडलेले, समोरच्या नटाला मुखवट्यातून धड दिसत नसे. म्हणजे वेगवान लढत करण्याची सोयच नव्हती. पण जे राहिलं ते पाहा. दोघांनी तलवार दोन्ही हातांनी धरली आहे, म्हणजे ती चालवायला ताकद लागते असं आपल्याला वाटतं. दोघं अंतर राखून आहेत, टोकं हलकेच एकमेकांना लावून बघताहेत. वार कमी असल्यामुळे प्रत्येक वार कुणीतरी ठरवून केलेला वाटतो. आणि याआधी दारूच्या गुत्त्यात त्याच म्हाताऱ्याने एका झटक्यात एकाचा हात उडवलेला आपण पाहिलाय. नियम तिथेच ठरला होता: हे पातं लागलं की अंगाचा तुकडा पडतो. पुढे ओबी-वान आपल्या तरुण शिष्याकडे, लूककडे, बघून किंचित हसतो, तलवार सरळ उभी धरतो आणि वार अंगावर घेतो. लढत संपते ती एकाच्या निर्णयाने. बळ कुणाचं जास्त, हा प्रश्न तिथे मागे पडतो.

आपल्याकडे तमाशाच्या फडात सवाल-जवाब रंगतो तो कशामुळे? ढोलकी जोरात वाजते म्हणून नव्हे. सवाल असा टाकलेला असतो की समोरचा अडलाच पाहिजे, आणि जवाब असा येतो की त्यातूनच नवा सवाल उभा राहतो. चांगली लढत अशीच असते. तुमच्या क्लिपमध्ये दोघं एकाच वेळी आपापलं म्हणत आहेत. थोरला डोक्यावर वार करतो, धाकटा तो अडवतो आणि लगेच स्वतःची गिरकी घेतो. ती गिरकी त्या वाराला उत्तर नाही. ती फक्त पुढची पाठ केलेली चाल आहे.

सवाल-जवाबाची लढत पाहायची असेल तर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतलाच १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ लावा आणि आवाज बंद करून पाहा. वेडरच्या मुखवट्यामागे त्या लढतींत बॉब अँडरसन होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून सेबर या हलक्या तलवारीच्या प्रकारात खेळलेले हे तलवारबाज पुढे चित्रपटातल्या लढतींचे मोठे उस्ताद झाले. सुरुवातीला वेडर एका हाताने लढतो. समोरचं पोरगं, लूक, दोन्ही हातांनी जिवाच्या आकांताने वार करतंय आणि हा मनगटाने बाजूला सारतोय. एवढ्यात सगळी विषमता कळते. मग तो तलवारही फारशी चालवत नाही, भिंतीवरचं सामान उखडून मनाच्या बळाने पोरावर फेकतो. पोराला थकवायचंय, मारायचं नाही. हेतू लख्ख दिसतो. शेवटी अरुंद कठड्यावर लूकचा एक वार वेडरच्या खांद्याला लागतो. त्या क्षणी खेळ संपतो. वेडर दोन-तीन वारांत त्याचा हात तोडतो. पोराने विचारलेला एकमेव खरा सवाल तोच, आणि त्याचा जवाब इतका भयंकर. त्यानंतर वेडरचं ‘मीच तुझा बाप’ हे वाक्य येतं आणि ते जगभर गाजलं, पण ते वाक्य पेलणारी जमीन त्या लढतीने तयार केली होती.

१९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधली शेवटची लढत मला याहून मोठी वाटते, आणि तांत्रिक बाजूने ती सगळ्यात ओबडधोबड आहे. लूक लढायला तयारच नाही, अंधारात लपून बसतो. वेडर त्याच्या बहिणीचं नाव काढतो आणि हा ओरडत बाहेर येतो. त्यानंतरचे वार पाहा. पवित्रा नाही, हूल नाही, अंतराचं भान नाही. लाकूड फोडावं तसा तो बापावर तलवार आपटतोय. माझ्या वर्गात कुणी असे वार केले तर मी सराव थांबवीन. पण इथे ते अचूक आहेत, कारण पोरगं स्वतःवरचा ताबा घालवून बसलंय आणि तेच वेडरच्या मालकाला, सम्राटाला, हवं आहे. बापाचा हात तुटतो, आत तारा दिसतात. लूक स्वतःच्या नकली हाताकडे बघतो. आणि तलवार फेकून देतो. शस्त्र टाकणं हा एखाद्या लढतीतला सगळ्यात मोठा वार ठरू शकतो, हे इतक्या स्वच्छपणे फार कमी वेळा दाखवलं गेलंय.

तुम्ही ज्या व्हिडिओंवरून शिकलात त्यांचा वंश १९९९ च्या ‘द फँटम मेनस’पासून सुरू होतो. निक गिलार्ड यांनी बसवलेली ती तिघांची लढत, रे पार्क यांच्या हातातलं दोन्ही टोकांना पातं असलेलं शस्त्र, जॉन विल्यम्स यांचं संगीत. शरीराच्या करामतीत तिला तोड नाही आणि मी तिला कमी लेखत नाही. पण तिच्यात एक खोट शिरली आणि ती पुढे सगळीकडे पसरली: वार माणसावर होण्याऐवजी तलवारीवर होऊ लागले. चित्र थांबवून पाहा. बऱ्याच ठिकाणी समोरच्याने पातं आडवं धरलं नसतं तरी वार त्याच्या अंगाला लागला नसता. तुमच्या सत्तरमध्येही असे पन्नासेक तरी असतील. बघणाऱ्याला हे सांगता येत नाही, पण त्याच्या शरीराला कळतं. त्याच लढतीतला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला भाग कुठला? लाल किरणांचे दरवाजे मध्ये येतात आणि लढत थांबते. एक गुडघे टेकून डोळे मिटतो, दुसरा पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालतो. एकही वार नाही, आणि दोघांचा स्वभाव पूर्ण उघडा पडतो.

२००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये लाव्हाच्या ग्रहावर गुरू-शिष्याची दीर्घ लढत आहे. इवान मॅकग्रेगर आणि हेडन क्रिस्टेन्सेन यांनी त्यासाठी खूप सराव केला, ती स्वतः केली. तिथे एक क्षण येतो जेव्हा दोघं समोरासमोर नुसत्या तलवारी गरगरा फिरवतात आणि पाती एकमेकांना शिवतही नाहीत. मला विचाराल तर त्या लढतीचा अर्धा भाग कापला असता तरी तिचं दुःख वाढलंच असतं. तरी शेवट पकडून ठेवतो. गुरू उंचावर उभा आहे, सांगतोय की इथे उडी मारू नकोस. शिष्य मारतो. जागेचा नियम तोंडाने सांगितला, तो मोडला गेला आणि किंमत लगेच वसूल झाली.

खऱ्या तलवारबाजीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ‘खरी लढत दाखवू का’ असंही तुम्ही विचारलंय. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भवानी देवी पहिली भारतीय तलवारबाज म्हणून उतरली. तिचा प्रकार सेबर. तो सामना शोधून बघा. ‘खेळा’ म्हटल्यापासून गुणाचा दिवा लागेपर्यंत बरेचदा सेकंद-दोन सेकंद जातात. सेबरचं वजन अर्ध्या किलोच्या आत असतं आणि वार हाताचे पंजे सोडून कमरेच्या वर कुठेही चालतो, त्यामुळे डोळ्याला काही कळण्याआधी गुण झालेला असतो. हे जसंच्या तसं पडद्यावर ठेवलं तर प्रेक्षक चुकामूक झाल्यासारखा बघत बसेल. तेव्हा खरी लढत दाखवू नका. पण खऱ्या लढतीतलं अंतर जरूर घ्या. शिकवताना आम्ही सारखे ‘डिस्टन्स, डिस्टन्स’ ओरडतो. हात लांब करून पोचता येईल ते एक अंतर, पाय झेपावून पोचता येईल ते दुसरं, आणि जिथून काहीच लागत नाही ते तिसरं. खेळाडू अर्धा वेळ या तिसऱ्या आणि दुसऱ्या अंतराच्या सीमेवर आत-बाहेर करत असतो. तिथे तलवारी भिडत नाहीत, पण श्वास अडकतो. तुमचे दोघं भाऊ पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पहिल्याच अंतरात आहेत. एवढ्या जवळ उभं राहून एकानेही दुसऱ्याला साधं ढकललं नाही, हे कसं?

नांदेडला होला मोहल्ल्याला किंवा दसऱ्याला जाऊन गतका, म्हणजे शिखांची शस्त्रविद्या, जवळून पाहा. तख्त सचखंड हजूर साहिबच्या मिरवणुकीत पोरं शस्त्रं फिरवतात तेव्हा गर्दी कौतुकाने बघते, टाळ्या वाजवते. पण जोडी समोरासमोर येऊन काठी आणि छोटी ढाल घेऊन खेळू लागली की आवाज बदलतो. टोला कानाजवळ येऊन अडला की कडेच्या बायाबापड्यांच्या तोंडून ‘अरेऽ’ निघतं. फिरवण्याने वाहवा मिळते, आणि अडवण्याने काळजात धस्स होतं. तुम्हाला दोन्हींपैकी काय हवंय ते ठरवा. आपल्या फरी-गदक्यात आणि पट्ट्यातही जुने वस्ताद आधी महिनोन्महिने पायच घोटून घेत. म्हणून सांगतो, कॅमेरा मागे घ्या. पाय फ्रेममध्ये येऊ द्या. कोण पुढे सरकतोय आणि कोण जमीन सोडतोय हे फक्त पायांवरून कळतं. तुम्ही कंबरेच्या वरचे क्लोजअप लावून दर सेकंदाला कट मारलाय. शिवाय मध्येच कॅमेरा दोघांच्या पलीकडे नेलाय, त्यामुळे डावीकडचा भाऊ एकदम उजवीकडे दिसतो. लढतीच्या ऐन भरात बघणाऱ्याला माणसं ओळखण्यात वेळ घालवावा लागतो.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये तर पायांवर अख्खा शेवट उभा केलाय. पांढऱ्या मिठाच्या मैदानावर पाऊल पडलं की खालची लाल माती उघडी पडते. हे आधीच्या धावपळीत आपण पाहिलेलं असतं. मग लूक आणि त्याचा उलटलेला भाचा कायलो समोरासमोर येतात. कायलोचे पाय लाल रेघा ओढतात. लूकच्या पायाखाली काहीच उमटत नाही. ज्याने नियम वाचला त्याला वार लागण्याआधीच कळतं की तो माणूस तिथे नाहीच.

जागेबद्दल तुम्ही बाहेर शोधू नका. दौलताबादची अंधारी पाहिली असेलच. खंदक ओलांडून आलेल्या शत्रूला काळोखात वळणं देत, चढवत नेणारी ती वाट बांधणाऱ्याने लढतीचा विचार करूनच बांधली. आत शिरलेल्याला तलवार पूर्ण उपसायलाही जागा मिळू नये, पुढचा माणूस आपला की परका हे कळू नये. सध्याची तुमची लढत मोकळ्या ग्राउंडवर आहे. तिथे कुणीही कुठेही जाऊ शकतो, त्यामुळे कुठे गेल्याने काही फरक पडत नाही. बंद पडलेली जिनिंग, एमआयडीसीतलं रिकामं शेड, उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी मागे सरल्यावर उघडी पडणारी भेगाळ जमीन, यातलं काहीही घ्या. भविष्यकाळाचा सेट तुमच्याभोवती फुकट उभा आहे. फक्त परवानगी काढा.

प्रकाशाचं बोलायचं तर २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये बर्फाळ जंगलातल्या लढतीसाठी खरोखर उजळणाऱ्या तलवारी वापरल्या. त्यामुळे निळा-लाल उजेड चेहऱ्यांवर, झाडांवर खरा पडतो. तुमच्या क्लिपमध्ये पातं नंतर कॉम्प्युटरवर रंगवलंय आणि चेहरे मात्र ट्यूबलाइटखाली असल्यासारखे सपाट आहेत. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक नळीत एलईडी पट्टी घाला, मुठीत बॅटरी. खर्च परवडेल आणि अर्धं काम रात्रीचा अंधारच करील.

आवाजाकडे तुम्ही मुळीच लक्ष दिलेलं नाही, आणि इथे मला जरा कळकळीने सांगायचंय. बेन बर्ट यांनी प्रकाशतलवारीचा आवाज तयार केला तो जुन्या फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमुळे माइकमध्ये शिरलेली गुणगुण एकत्र करून. मग तो आवाज स्पीकरवर लावला आणि समोर दुसरा माइक हवेत फिरवून पुन्हा रेकॉर्ड केला. माइक जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. म्हणून ते पातं हवेत खरंच फिरतंय असं वाटतं. तुम्ही नेटवरून तोच आवाज उचललाय. परभणीत राहून तुम्हाला त्याची गरज काय? गल्लीतल्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण लांबून, कुंपणाबाहेरून रेकॉर्ड करा. पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर ती शंभर हर्ट्‌झला गुणगुणते, खालचा, अंगात शिरणारा सूर आहे. पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटतानाचा आवाज घ्या. विहिरीवरची मोटर बंद होताना दम सोडते तो घ्या. आमच्या लोकांच्या कानात हे आवाज मुरलेले आहेत. डीपीची गुणगुण अचानक थांबली की गावातल्या प्रत्येकाला पुढचं कळतं. लढतीत एका भावाची तलवार विझते तेव्हा तीच शांतता वापरा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तुमच्या जगात तलवार का आहे? स्क्रिप्टमध्ये मला त्याचं उत्तर सापडलं नाही. पण उत्तर तुमच्याच गोष्टीत पडलेलं आहे. भांडण पाण्यावरून आहे ना? मग ती तलवार पाण्यावर चालू द्या. पातं तापतं, ते थंड ठेवायला मुठीतल्या कुपीतलं पाणी लागतं, आणि प्रत्येक टक्करीला त्यातलं थोडं वाफ होऊन जातं. मुठीला काचेची नळी लावा, आतली पातळी दिसू द्या. पहिल्या पाच मिनिटांत कधीतरी आईला त्या कुपीतून घोटभर पाणी ओतून घेताना दाखवा, बोलायची गरज नाही. मग लढतीत पहिला वार अडला, वाफेचा फवारा उडाला आणि नळीतली रेघ खाली आली की लातूरचा, बीडचा, परभणीचा प्रेक्षक खुर्चीत सावरून बसेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील, आणि घरात त्या दिवसांच्या आठवणी असतीलच. पाणी सांडताना बघून ज्यांच्या पोटात कालवतं अशा माणसांसाठी तुम्ही फिल्म करताय. एवढी मोठी किंमत हाताशी असताना ती वाराला जोडायची राहून गेली, एवढंच.

नियम असा ठरला की सत्तर वारांचे वीस राहतील, आपोआप. कारण दोघांनाही उधळायला परवडणार नाही. थोरला अनुभवी आहे, तो हूल देऊन धाकट्याला वार करायला लावील, त्याचं पाणी संपवील. म्हणजे त्याचा डाव दिसला. धाकटा रागात पहिले सात-आठ वार वाया घालवील, मग नळीकडे बघील आणि थांबेल. ही थांबण्याची जागा लांबवा. दोघं तिसऱ्या अंतरावर, तलवारी चालू, कुणीच हलत नाही, नुसत्या उभ्या राहण्याने पाणी जातंय. इथे संवाद घालायचा मोह होईल. घालू नका. बोलायचं असेल ते आधी होऊन जाऊ द्या.

शेवट काय करायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडणार नाही. फक्त तो वाराने होवो की वार न करण्याने, कुणातरी एकाने तो ठरवलेला दिसला पाहिजे. सध्या थोरल्याचा पाय घसरतो आणि तलवार लागते. अपघाताने संपलेली लढत बघणाऱ्याच्या हातात काहीच ठेवत नाही.

तालमीची पद्धत सांगतो. आधी तलवारीशिवाय, हात मागे बांधून फक्त पावलं. मग काठ्या घेऊन अर्ध्याहून कमी वेगाने. ज्याच्यावर वार येतोय त्याची नजर मिळाल्याशिवाय आणि त्याचा बचाव सुरू झालेला दिसल्याशिवाय वार सोडायचा नाही. प्रत्येक वाराचं लक्ष्य अंगावरची नेमकी जागा असेल: खांदा, मांडी, बरगडी. चेहऱ्यावर एकही टोच नाही, पडद्यावर कितीही छान दिसत असली तरी नाही. तालमीत दोघांनाही डोळ्यांना जाड प्लास्टिकचा चष्मा सक्तीचा. नळी तडकली की ती लगेच बाजूला टाका, चिकटपट्टी लावून चालवू नका. शूटच्या दिवशी वेग पाऊणपटच ठेवा. सेकंदाला बावीस फ्रेमने शूट करून चोवीसने चालवलं की हालचाल जराशी चपळ दिसते आणि पोरं सुरक्षित राहतात.

रात्रीचं शूट आहे, तर जागेवर दुपारीच उजेडात एकदा पूर्ण चालून घ्या. खड्डे, तारा, काचा वेचा. आपल्याकडच्या उन्हात ती तालीम चार वाजल्यानंतरच ठेवा आणि पाणी भरपूर ठेवा. शेवटच्या निर्णयाचा शॉट सगळ्यात आधी घ्या, दोघं ताजे असताना. चेहऱ्यावरचं काम दमल्यावर होत नाही. त्यानंतर लांबचे पूर्ण आकृतीचे शॉट, आणि क्लोजअप सगळ्यात शेवटी. एकाचाही हात थरथरायला लागला की त्या रात्रीची लढत तिथेच थांबवा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी घ्या.